गोव्यात जुना टीव्ही डिजिटलवर कसा आणायचा: अँटेना, छत्री, बॉक्स आणि पावसाळा

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मग बाकीचं सोपं आहे. ॲनालॉग, म्हणजे टीव्हीचा जुना सिग्नल, बंद झाला म्हणजे तुमचा टीव्ही बाद झाला असं नाही, बदललाय तो सिग्नल. दुकानात गेलात की "अहो हे डबे आता चालत नाहीत" असं सांगून कोणीतरी ४३ इंचाचा नवा गळ्यात मारायला बघणारच, पण पंचवीस वर्षांपूर्वीचा पेटीवाला टीव्हीसुद्धा चालतो, त्याला फक्त डिजिटल सिग्नल घेऊन जुन्या भाषेत समजावून देणारा एक बॉक्स लागतो. आणि दुसरं म्हणजे गोव्यात फुकट दूरदर्शन बघायचं तर छतावरच्या त्या दांड्यादांड्यांच्या अँटेनाचं काम आता संपलं, छत्री म्हणजे गोल डिश लागते.

लोकांचा गोंधळ होतो कारण ॲनालॉग दोनदा बंद झालं आणि दोन वेगळ्या ठिकाणी झालं. पहिलं केबलवर. २०११ च्या कायदा-दुरुस्तीनंतर केबल टप्प्याटप्प्यानं डिजिटल करायची ठरली, आधी मुंबई-दिल्लीसारखी चार महानगरं, मग ३८ शहरं, मग बाकीचा सगळा शहरी भाग आणि शेवटी गावं. आपली पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को, फोंडा ही तिसऱ्या टप्प्यातली, मुदत ३१ डिसेंबर २०१५, आणि पंचायतीतली गावं चौथ्या टप्प्यात, तिथं मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७ पर्यंत गेली. तेव्हा केबलवाल्यानं येऊन बॉक्स दिला असेल, आठवत असेल. दुसरं बंद झालं ते हवेतलं, म्हणजे दूरदर्शनच्या टॉवरवरनं अँटेनात येणारं. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीनं ३१ मार्च २०२२ पर्यंत देशभरातले जुने ॲनालॉग ट्रान्समीटर काढायचं ठरवलं, मोक्याच्या जागांवरचे सुमारे ५० सोडून. त्यामुळे ज्यांच्याकडे केबल होती त्यांना हे कळलंसुद्धा नाही, आणि वाळपईच्या पुढे नाहीतर सांग्याच्या आत कोणा आजीचा टीव्ही अँटेनावर होता तिच्या पडद्यावर नुसत्या मुंग्या.

बंद का केलं तर साधं कारण, ॲनालॉगमध्ये एका फ्रिक्वेन्सीवर एकच चॅनल बसतो आणि त्यासाठी मोठा ट्रान्समीटर रात्रंदिवस वीज खात बसतो, डिजिटलमध्ये तेवढ्याच जागेत बरेच चॅनल बसतात. सगळ्या जगानं हेच केलं, पोर्तुगालनं २६ एप्रिल २०१२ ला आणि ब्रिटननं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. हे मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडे घरटी एखादा माणूस लिस्बन नाहीतर स्विंडनला असतोच आणि सुट्टीवर येताना तो तिथला डिजिटल बॉक्स बॅगेत घालून आणतो. तो बॉक्स इथं चालणार नाही. तिकडे टॉवरवरनं डिजिटल येतं आणि तो बॉक्स त्याचसाठी बनलेला असतो. आपल्याकडे दूरदर्शननं टॉवरवरचं डिजिटल २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू केलं, मुंबई आणि औरंगाबाद त्यात होते, गोव्यातलं एकही गाव नव्हतं. आखातातनं आणलेला उपग्रहाचा साधा फ्री-टू-एअर (फुकटचे चॅनल दाखवणारा) रिसीव्हर असेल तर गोष्ट वेगळी, तो कामाला येऊ शकतो, खाली सांगतो.

ह्याच कारणासाठी ऑनलाइन जे "डिजिटल अँटेना, २०० चॅनल फुकट, छत्रीची गरज नाही" असलं काळं चपटं काहीतरी विकतात त्यात पैसे घालू नका. अँटेनात डिजिटल-ॲनालॉग असं काही नसतं, हवेत सिग्नल असेल तर दांडीला पकडेल आणि नसेल तर सोन्याची दांडी लावली तरी नाही. खात्री करायची असेल तर टीव्हीच्या मेनूत जाऊन अँटेनावर एकदा ऑटो स्कॅन मारा, काही सापडलं नाही तर विषय संपला. जुना अँटेना ॲल्युमिनियमचा असतो, भंगारवाला वजनावर बऱ्यापैकी पैसे देतो, पण तो उतरवताना वर वीजखात्याची तार कुठनं गेलीय ते आधी बघा, लांब पाइप हातात असताना तोल गेला तर थेट तारेवर जातो.

आता पर्याय तीन. शहरात राहत असाल आणि घरात सिरियल, क्रिकेट, इंग्लिश सिनेमे असं सगळं लागत असेल तर केबल घ्या, काही बिघडलं की केबलवाला सायकल नाहीतर स्कूटरवरनं येतो तरी. त्यात नेटवर्क कपॅसिटी फी म्हणून एक ठरलेला आकडा आणि वर पे चॅनलचे पैसे असा हिशेब असतो, २०१९ ला ही पद्धत आली तेव्हा १३० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा होती, २०२४ मध्ये ट्रायनं, म्हणजे ह्या धंद्याच्या सरकारी नियामकानं, ती मर्यादा काढली, तेव्हा आता बिल नीट वाचा आणि न बघितले जाणारे चॅनल काढायला सांगा. सांगितल्याशिवाय कोणी काढत नाही. दुसरा पर्याय प्रायव्हेट डीटीएच, रिचार्ज संपला की पडदा काळा, ह्यावर वेगळं सांगण्यासारखं काही नाही. तिसरा डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची उपग्रहावरनं येणारी फुकट सेवा, आणि गावातल्या घराला, वर्षातनं दोनदा उघडणाऱ्या मूळ घराला, भाड्याच्या खोलीला माझं मत ह्यालाच. महिन्याचा खर्च शून्य, बॉक्स-छत्री-वायर मिळून एकदाच साधारण दोन हजारांच्या आसपास. सह्याद्री आहे, बातम्या आहेत, हिंदी सिनेमाचे चॅनल आहेत, आणि मार्च २०१९ मध्ये ज्या ११ राज्यांचे दूरदर्शन चॅनल फ्री डिशवर आले त्यात डीडी गोवाही आहे, म्हणजे पणजीचे कार्यक्रम सत्तरीतल्या शेवटच्या वाड्यावर दिसतात. नवे गाजणारे पे चॅनल मात्र ह्यावर नाहीत, ते पाहिजेत तर रडत रडत रिचार्ज करा.

फ्री डिश स्वतः लावता येते का? येते. मेकॅनिक मिळत असेल तर बोलवा, पण मे महिन्यात आणि चवथीच्या आधी तो "उद्या येतो" म्हणतो आणि तो उद्या काही येत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

सगळ्यात महत्त्वाची जागा. फ्री डिश जीसॅट-१५ ह्या उपग्रहावरनं येते आणि तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. गोव्यातनं तो आग्नेयेला दिसतो, वास्तुवाले स्वयंपाकघर जिथं सांगतात ती दिशा. फोनच्या कंपासवर साधारण १२७ अंश, आणि वर बघण्याचा कोन साधारण ६१ अंश, म्हणजे बऱ्यापैकी डोक्यावरच. पेडण्यापासून काणकोणपर्यंत ह्यात एक-दीड अंशाचाच फरक पडतो, तेव्हा हेच आकडे सगळ्यांना चालतील. फोन लोखंडी पाइप किंवा ग्रिलजवळ धरू नका, कंपास भलतंच दाखवतो, चार पावलं लांब उभे राहून बघा आणि समोरचं एखादं झाड नाहीतर खांब खूण म्हणून धरा.

ह्या ६१ अंशाचा आपल्याला मोठा फायदा आहे आणि तो फारसं कोणी सांगत नाही. टॉवरचं टीव्ही होतं तेव्हा मध्ये डोंगर आला की मुंग्या, म्हणून घाटाच्या पायथ्याच्या गावांत, नेत्रावळीच्या बाजूला, लोक बांबूवर बांबू बांधून अँटेना वर चढवायचे. उपग्रह इतका वर आहे की डोंगर मध्ये येतच नाही. येतो तो माड. हिशेब असा करा: आग्नेयेकडचा माड छत्रीपेक्षा जितका उंच असेल त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त लांब पाहिजे, म्हणजे छत्रीच्या वर १० मीटर जात असेल तर किमान साडेपाच मीटर, आणि झावळ्या वाऱ्यात हलतात म्हणून मी सात तरी धरीन. कुळागरात, म्हणजे माड-सुपारीच्या बागेत, घर असेल तर जागा शोधणं हेच निम्मं काम. आणि सिग्नल मिळतो म्हणून बरोबर माडाखाली छत्री लावू नका, नारळ पडला की छत्रीची परात होते.

उंचावर लावली की सिग्नल जास्त मिळतो ही समजूत अँटेनाच्या काळातली. छत्रीला उंची नको, उघडं आकाश पाहिजे. त्यामुळे अंगणाच्या कडेला, जमिनीवर सिमेंटात पाइप पुरून लावली तरी चालते, उलट तीच बरी कारण भर पावसात कौलांवर चढावं लागत नाही. मंगळुरी कौलांवर तसंही चढू नका, कौल फुटलं तर टीव्हीपेक्षा गळतीचा खर्च जास्त. भिंतीवरच लावायची असेल तर चिऱ्याच्या भिंतीत नुसता छोटा फास्टनर मारून भागत नाही, चिरा भुसभुशीत असतो, पहिल्या वाऱ्यात भोक मोठं होतं आणि छत्री डुलायला लागते. जिथं काँक्रीट आहे, लिंटेल, स्लॅब, पिलर, तिथं मारा. पाइप जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) घ्या, आणि समुद्राजवळ असाल तर नटबोल्ट स्टेनलेसचे, थोडे महाग पडतात पण कळंगुट नाहीतर कोलव्याच्या खाऱ्या हवेत साधे बोल्ट असे गंजतात की पुढच्या वेळी पान्यानं सुटत नाहीत, कापावे लागतात.

पाइप अगदी सरळ उभा पाहिजे. गवंड्याचा ओळंबा लावून दोन बाजूंनी बघा. पाइप तिरका असेल तर पुढचे सगळे आकडे खोटे ठरतात आणि तुम्ही तासभर छत्री फिरवत बसाल. छत्री ६० सेंटीमीटरची पुरते, पण थोडे जास्त पैसे घालून ७५ किंवा ९० ची घेतलीत तर पावसात बराच फरक पडतो.

आता छत्री बसवायची, मागच्या ब्रॅकेटवर अंशाचे आकडे असतील तर ६१ वर ठेवा. बघताना वाटेल छत्रीचं तोंड तर खूप खाली आहे, हे आभाळाकडे कुठं बघतंय, घाबरू नका, ह्या छत्र्यांची रचनाच तशी असते, सिग्नल वरनं येऊन तिरका परावर्तित होऊन एलएनबीत जातो. एलएनबी म्हणजे दांडीच्या टोकावरचा तो डोळा. तो युनिव्हर्सल घ्या, त्यावर ९७५० आणि १०६०० असे आकडे लिहिलेले असतात. घरात बंद पडलेल्या डीटीएच कनेक्शनची छत्री पडून असेल तर तीच वापरा, पत्रा सगळ्यांचा सारखाच, फक्त दिशा बदलायची आणि एलएनबी युनिव्हर्सल आहे ना ते बघायचं. त्या कंपनीचा बॉक्स मात्र कुलूपबंद असतो, तो ह्या कामाचा नाही.

वायर आरजी-६ घ्या, स्वस्तातली पातळ नको. टोकाला एफ कनेक्टर लावताना वरची जाळी मधल्या तांब्याच्या तारेला एका केसानंसुद्धा टेकता कामा नये, आणि हे जोडकाम करताना बॉक्स बंद ठेवा कारण बॉक्स त्याच वायरीतनं एलएनबीला वीज देतो, शॉर्ट झाला तर बॉक्सच जायचा.

मग टीव्ही आणि बॉक्स उचलून छत्रीजवळ आणा. खरंच आणा. एक माणूस वर आणि एक आत आणि मध्ये "आलं का? गेलं! थोडं डावीकडे!" ह्या पद्धतीनं नवरा-बायकोत भांडणं होतात, सिग्नल मिळत नाही. बॉक्सच्या मेनूत इन्स्टॉलेशनमध्ये जा, उपग्रह फ्री डिश किंवा जीसॅट-१५ निवडा, फ्रिक्वेन्सी ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० ठेवा. तिथं दोन पट्ट्या दिसतील, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथकडे बघू नका, ती छत्री भिंतीकडे तोंड करून ठेवलीत तरी दिसते, ती नुसतं सांगते की वायर जोडलेली आहे. क्वालिटी शून्यावरनं उठली की मासा लागला.

छत्री १२७ अंशाच्या खुणेकडे वळवा आणि तिथनं डावी-उजवीकडे अगदी थोडी थोडी सरकवा, प्रत्येक वेळी तीन-चार सेकंद थांबून. हे थांबणं फार महत्त्वाचं. ॲनालॉगमध्ये अँटेना फिरवला की चित्र हळूहळू साफ व्हायचं, हाताला लगेच कळायचं, डिजिटलमध्ये एकतर पूर्ण येतं नाहीतर अजिबात नाही, आणि बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो, घाईत फिरवलीत तर उपग्रह ओलांडून पुढे जाल आणि कळणारसुद्धा नाही. एका उंचीवर काहीच सापडलं नाही तर उंची एक अंश बदला आणि परत डावी-उजवी. क्वालिटी दिसली की दोन्ही बाजूंनी जास्तीत जास्त किती जाते ते बघून मधे थांबा.

आता एलएनबी. बरेच जण तो सरळ ठेवून मोकळे होतात आणि मग पहिल्या पावसात रडतात. हा उपग्रह आपल्यापासून बराच पूर्वेला असल्यानं एलएनबी स्वतःभोवती चांगला फिरवलेला लागतो, थोडाथोडका नाही, जवळजवळ ५० अंशांपर्यंत. कुठल्या बाजूला ते पाठ करायची गरज नाही, एका बाजूला फिरवल्यावर क्वालिटी पडते आणि दुसऱ्या बाजूला चढते, जिथं सगळ्यात वर जाईल तिथं स्क्रू आवळा. मग बाकीचे बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळा, एकच गच्च आवळलात तर छत्री अर्धा अंश सरकते आणि तेवढ्यानं सगळं जातं. शेवटी ऑटो स्कॅन.

टीव्हीला जोडायचं तर नव्या टीव्हीला एचडीएमआय, जुन्याला लाल-पांढऱ्या-पिवळ्या तीन पिना. टीव्हीवर एव्ही निवडायला विसरू नका, निम्म्या तक्रारी तिथंच संपतात. फारच जुना, फक्त अँटेनाची एकच पिन असलेला टीव्ही असेल तर आरएफ आउट असलेला बॉक्स मागा किंवा मध्ये आरएफ मॉड्युलेटर लावा, मग टीव्ही ३ किंवा ४ नंबरच्या चॅनलवर ट्यून करायचा. माणसं चपटी नाहीतर लांबुडकी दिसायला लागली तर बॉक्सच्या मेनूत स्क्रीन ४:३ करा. आणि नवा टीव्ही घेणारच असाल तर आतच सॅटेलाइट ट्यूनर असलेला आहे का विचारा, अशा टीव्हीसाठी बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) मानकही आलंय, मग छत्रीची वायर थेट टीव्हीत आणि वेगळा बॉक्स, वेगळा रिमोट नको. आखातातला रिसीव्हर वापरायचा असेल तर तो डीव्हीबी-एस२ आणि एमपेग-४ वाला पाहिजे, नाहीतर काही चॅनल सापडणारच नाहीत आणि काही यादीत दिसतील पण उघडणार नाहीत.

आता पावसाळा, जो आपल्याकडे जूनमध्ये येतो आणि चवथ झाली तरी जायचं नाव घेत नाही. जोराचा पाऊस असताना चित्राच्या चौकटी चौकटी होणं, आवाज तुटणं, मग "नो सिग्नल" हे होणारच, पाऊस कमी झाला की दहा मिनिटांत परत येतं, त्यात बिघाड काही नाही. पण उन्हं पडल्यावरही आलं नाही तर पाणी कनेक्टरमध्ये शिरलंय. म्हणून मेमध्येच एलएनबीच्या कनेक्टरला रबरी टेप गुंडाळा, वरनं इलेक्ट्रिकची टेप, आणि वायर घरात शिरण्याआधी खाली एक वळसा घेऊन मग वर न्या, म्हणजे पाणी त्या वळशातनं गळून पडतं, भिंतीतनं टीव्हीपर्यंत येत नाही. ढग गडगडायला लागले की नुसतं बटण बंद करून चालत नाही, प्लग काढा आणि छत्रीची वायरही बॉक्समधनं काढा. मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये विजा पडतात तेव्हा एका दिवसात गावातले बॉक्स जातात.

अजून एक गंमत. मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबर संपताना काही दिवस रोज सकाळी अकराच्या आसपास थोडी मिनिटं चित्र जातं, आकाश निरभ्र असतानाही. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि छत्रीला सूर्याचाच गोंगाट ऐकू येतो. कोणाला बोलावू नका, आपोआप येतं. उलट जागा ठरवायची असेल तर हेच दिवस गाठा: त्या वेळी जिथं माडाची सावली नाही आणि थेट ऊन पडतंय तिथं छत्री लावा, कंपास पण नको आणि हिशेब पण नको.

दोन खोल्यांत दोन टीव्ही हवेत तर दोन आउटपुटचा एलएनबी घ्या आणि दोन वेगळ्या वायरी टाका, एका वायरीला जोड देऊन दोन बॉक्स चालवायचा प्रयत्न कटकटीचा. आणि घरात चांगलं नेट असेल, छत्रीला जागाच नसेल, फ्लॅटमध्ये सोसायटी नाही म्हणत असेल तर प्रसार भारतीचं वेव्ह्ज ॲप आहे, २०२४ च्या नोव्हेंबरात इफ्फीत, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, इथंच सुरू केलं, त्यावर दूरदर्शनचे चॅनल लाइव्ह दिसतात. मात्र गावात पावसात आधी नेट जातं, मग वीज, छत्रीचा नंबर त्यानंतर, हेही लक्षात असू द्या.

फ्री डिशवरच्या जागा प्रायव्हेट चॅनलना लिलावात मिळतात, आणि एप्रिलच्या सुरुवातीला बऱ्याचदा काही चॅनल जातात, काही येतात, काहींचे नंबर बदलतात. तेव्हा एक दिवस सकाळी नेहमीचा चॅनल गायब झाला आणि बाकीचे चालू असले तर छत्रीला हात लावू नका, मेकॅनिकला पण फोन नको, मेनूत जाऊन परत ऑटो स्कॅन मारा आणि तरी नाही आला तर तो फ्री डिशवरनंच गेलाय असं समजा.